एनआयएचएसएसचा ऑनलाइन कोर्स: आठ महिने वॉर्डात वापरल्यावर

एनआयएचएसएस म्हणजे पॅरालिसिसच्या झटक्याची तीव्रता गुणांत मोजायचं स्केल; जितके गुण जास्त, तितका झटका मोठा. ते शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्राची रिन्यूअलची परीक्षा पाचव्या पेशंटच्या व्हिडिओवर अडकली. सेशन संपलं आणि तो प्रयत्न ‘नापास’ म्हणून मोजला गेला. हेल्पडेस्कचं उत्तर चार दिवसांनी आलं: दुसरा प्रयत्न वापरा, तोही गेला तर कोर्स पुन्हा विकत घ्या. नेट अडकल्याचा भुर्दंड स्टाफने का भरायचा, याला उत्तर नाही. त्या वैतागातच हे लिहायला घेतलं, पण कोर्समधलं चांगलं तेही सांगायला हवं, कारण ते खरोखर चांगलं आहे.

स्केलची याहून सविस्तर ओळख करून देत नाही. अकरा मुद्दे, पंधरा नोंदी, जास्तीत जास्त 42 गुण, हे पॅरालिसिसचे पेशंट बघणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. पाठ असणं आणि दोन वेगवेगळ्या शिफ्टच्या माणसांनी एकाच पेशंटला सारखाच आकडा देणं यात मात्र मोठं अंतर आहे. ते अंतर हा कोर्स कमी करतो, विशेषतः हातापायांच्या ताकदीच्या भागात.

हाताचंच बघा. पेशंट झोपलेला असेल तर 45 अंश, बसलेला असेल तर 90, तळवा खाली, आणि दहा सेकंद. व्हिडिओत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: मोजणी आपला हात सुटल्या क्षणी सुरू होते, पेशंटचा हात स्थिर झाल्यावर नाही. वॉर्डात इथेच घोळ होतो. तोंडाने ‘एक, दोन, तीन’ म्हणत दहापर्यंत गेलं की सहा-सात सेकंदांतच मोजणी संपते, आणि आठव्या सेकंदाला खाली येऊ लागणारा हात ‘शून्य’ म्हणून कागदावर जातो. सेकंदकाट्याकडे बघून, मोठ्याने, पेशंटला दिसतील अशी बोटं दाखवत मोजायचं. पायाला 30 अंश आणि पाच सेकंद. हात किंवा पाय खाली झुकला पण पलंगाला टेकला नाही तर 1, थोडा जोर लावूनही टिकला नाही तर 2, सोडताच पडला तर 3, हललाच नाही तर 4. कोर्स केलेल्यांच्या नोंदीत हा भाग चटकन ओळखू येतो.

पहिलं उत्तर तेच खरं, मदत करायची नाही, हा नियमही पक्का बसतो. आपल्याकडे अडचण स्टाफपेक्षा नातेवाइकांची असते. महिना विचारला की पलंगाच्या उशाशी उभा असलेला मुलगा हळूच म्हणतो, “बाबा, सांगा ना, ऑगस्ट.” मग तो प्रश्न वाया जातो. तपासणीआधी दोन वाक्यांत समजावून त्यांना पडद्याबाहेर थांबवावं लागतं, आणि हे कुठल्याही मॉड्यूलमध्ये नाही. तसंच ‘हात दाबा’ एवढीच सूचना देऊन थांबू नका. मूठ वळायला आणि सोडायला, दोन्ही सांगायचं. हातात बोट आलं की आपोआप घट्ट धरणारा पेशंट नुसत्या ‘दाबा’वर पास होऊन जातो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायचं होतं ती: नववा आणि दहावा मुद्दा, म्हणजे भाषा आणि उच्चार. कोर्स हे दोन्ही इंग्रजी बोलणाऱ्या पेशंटवर, इंग्रजी कार्डांवर शिकवतो, आणि तुमच्याकडे दुसरी भाषा बोलणारा पेशंट आला तर काय करायचं, याबद्दल धडपणे काहीच सांगत नाही. ओळखायच्या चित्रांत हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि दोन टोकांना ताणलेली झोळी आहे. उच्चाराच्या शब्दांत ‘मामा’, ‘टिप-टॉप’, ‘फिफ्टी-फिफ्टी’, ‘थँक्स’, ‘हकलबेरी’, ‘बेसबॉल प्लेअर’. परभणी किंवा चंदगडकडून आलेल्या सत्तरीच्या बाईंपुढे ‘हकलबेरी’ म्हणून बघा. त्या अडखळल्या तर जीभ जड झाली म्हणून की शब्दच कधी ऐकला नाही म्हणून, हे कोण ठरवणार?

पहिल्या दोन महिन्यांत उपाय सोपा वाटला होता: भाषांतर करून लॅमिनेट करायचं. तो पुरत नाही, हे वापरताना कळलं. उच्चाराचे शब्द अर्थासाठी निवडलेलेच नाहीत, ते तोंडाच्या वेगवेगळ्या भागांना कामाला लावण्यासाठी आहेत. ओठ, जिभेचं टोक, जिभेचा मागचा भाग, आणि एकाच शब्दात या जागा भराभर बदलणं. ‘हकलबेरी’चं मराठी नाव शोधून उपयोग नाही, तेवढीच कसरत करायला लावणारा ओळखीचा मराठी शब्द हवा. ‘मामा’ तसाच चालतो, फक्त बाई खरोखरच मामाबद्दल सांगू लागतात, तेव्हा ‘मी म्हणते ते नुसतं म्हणा’ असं आधी सांगावं. बाकी ‘पापड’, ‘टिकली’, ‘काकडी’, ‘कमळ’, ‘बटाटेवडा’, ‘गणपतीपुळे’ असे शब्द काम करतात. ‘ळ’ असलेला एक शब्द ठेवाच, जड जीभ तिथे लवकर उघडी पडते. एक अट: लहानपणापासून ‘ळ’चा ‘ल’ म्हणणारे लोक आहेत, त्यामुळे ‘आधीपासून असंच बोलतात का’ हे घरच्यांना विचारायचं. आणि शब्द म्हणायला लावण्याआधी तोंड उघडून बघायचं. गालात तंबाखूची गोळी किंवा सैल कवळी असेल तर चांगल्या माणसाचेही उच्चार बोबडे येतात.

चित्रांचं प्रकरण आणखी नाजूक आहे. निवडुंगाला कुणी ‘काटेरी झाड’ म्हणालं तर त्यात भाषेचा दोष नाही, माणूस ओळखतो आहे. पण किल्लीचं चित्र बघून ‘ते... कुलूप उघडायचं’ असं आलं आणि शब्द सापडतच नसेल, तर तो दोष आहे, कारण किल्ली हा शब्द घरातल्या प्रत्येकाच्या जिभेवर असतो. वरवर दोन्ही उत्तरं सारखीच वाटतात, म्हणून नवखा माणूस दोघांना एकच गुण देतो. झोळीला ‘झोका’, ‘पाळणा’, किल्लीला ‘चावी’, पिसाला ‘पंख’ किंवा ‘पर’, हे सगळं बरोबर धरायचं. पिसाला ‘पान’ म्हणाले तर घाई करू नका. रेघांचं चित्र आहे, पानासारखं दिसतं, आणि घाईगडबडीत आणलेल्या पेशंटचा चष्मा बहुतेक वेळा घरीच राहिलेला असतो. अशा वेळी हातात खरी वस्तू द्यायची: पेन, चमचा, घड्याळ. दिसत नसलेल्या पेशंटच्या हातात वस्तू देऊन नाव विचारायचं हे मूळ सूचनांतही आहे, कोर्स मात्र ते एका ओळीत उरकतो.

इथे एक मत बदललं, तेही नोंदवतो. स्वयंपाकघराचं ते जुनं चित्र, ज्यात मुलगा डगमगत्या स्टुलावरून बिस्किटांचा डबा काढतोय आणि बाई भांडी पुसतेय, ते परकं वाटेल असं सुरुवातीला वाटलं होतं. तसं नाही. सिंक भरून पाणी जमिनीवर वाहतंय हे बघून गप्प बसणारं माणूस क्वचितच. “अहो, नळ चालू राहिलाय, पोरगं पडतंय बघा,” एवढं सलग वाक्य आलं की बोलण्याचा ओघ, व्याकरण, शब्द, सगळं एकदम तपासून होतं. ते चित्र बदलू नका. फक्त मोबाइलवर दाखवू नका, ए-फोर कागदावर मोठं छापा.

वाचायच्या वाक्यांत लहान ते मोठं हा क्रम सांभाळायचा: दोन शब्दांचं एक, शेवटचं सात-आठ शब्दांचं. ‘खाली बसा’पासून ‘काल रात्री त्यांनी त्याचं बोलणं रेडिओवर ऐकलं’पर्यंत. वाचता येत नसेल तर आपण म्हणायचं आणि पेशंटने मागून म्हणायचं, आणि तसं केसपेपरवर लिहायचं. हिंदीत या स्केलचं रूपांतर तपासून प्रसिद्ध झालेलं आहे, पण मराठीच बोलणाऱ्या पेशंटला हिंदी कार्ड दाखवणं म्हणजे तीच चूक पुन्हा.

एका गुणासाठी एवढा आटापिटा का, असं कुणी विचारेल. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद असताना तारेने गुठळी काढायला पाठवायचं का, याच्या नियमांत 6 हा आकडा उंबरठा म्हणून येतो. 5 आणि 6 मधला तो एक गुण झोळी न ओळखल्याचाही असू शकतो. उलट बाजू जास्त भीतीदायक आहे. हातपाय चांगले, चेहरा चांगला, फक्त भाषा गेलेली, असा पेशंट अगदी कमी गुणांवर बसू शकतो. ‘घाबरल्यात, म्हणून बोलत नाहीत’ म्हणून तो सोडून दिला जातो आणि गुठळी विरघळवणारं औषध देण्याचे साडेचार तास निघून जातात. 0 ते 5 गुणांच्या पेशंटवरचा 2018 सालचा अभ्यास, ज्यात अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा दिसला नाही, तो दैनंदिन जगण्यात अपंगत्व न आणणाऱ्या लक्षणांपुरता होता. बोलता न येणं हे त्यात बसत नाही. कोर्सच्या स्लाइडवर आकडा ठळक आहे आणि ही अट बारीक अक्षरांत.

महिना आणि वय या प्रश्नांतही आपल्याकडची गुंतागुंत आहे. ‘श्रावण’ असं उत्तर आलं आणि कालनिर्णयमध्ये खरोखर श्रावण चालू असेल, तर ते बरोबर धरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जवळपासचा महिना सांगितला तर मात्र चूक धरायची, कारण ‘जवळजवळ बरोबर’ला स्केलमध्ये जागा नाही. वयाचं आणखी अवघड: असंख्य ज्येष्ठांची जन्मतारीख कागदोपत्री 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. खरं वय घरच्यांनाही ठाऊक नसतं. विचारण्याआधी नातेवाइकांकडून ‘ते स्वतःचं वय किती सांगतात’ हे विचारून ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं.

तोल गेलेल्या पेशंटचा धोकाही कोर्समध्ये निसटता येतो. मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात सगळे गुण शून्य येऊ शकतात आणि माणूस पलंगावर सरळ बसूही शकत नाही, कारण धडाचा तोल या स्केलमध्ये मोजलाच जात नाही. चक्कर आणि उलटीच्या पेशंटला शून्य देण्याआधी आधार देऊन बसवून, शक्य तर उभं करून बघा.

बाकी मॉड्यूलबद्दल थोडक्यात. औषधाचा भाग अल्टेप्लेजपुरता व्यवस्थित आहे: किलोला 0.9 मिग्रॅ, कमाल 90, दहा टक्के एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. 62 किलोला 55.8, पैकी 5.6 आधी. पंप संपल्यावर नळीत राहिलेलं औषध त्याच वेगाने सलाइनने ढकलायचं, हेही दाखवलंय आणि ते बरेच जण विसरतात. टेनेक्टेप्लेज या तशाच दुसऱ्या औषधाबद्दल मात्र जेमतेम दोन स्लाइड. हृदयविकारासाठीचा डोस 30 ते 50 मिग्रॅ असतो, पॅरालिसिससाठी किलोला 0.25, कमाल 25. कॅज्युअल्टीच्या फ्रिजमध्ये मोठी व्हायल असेल तर सवयीने ती पूर्ण दिली जाण्याची भीती खरी आहे. शिवाय ग्लुकोज चाललेल्या लाइनमधून ते द्यायचं नाही, गढूळ होतं, आधी सलाइनने लाइन धुवायची.

गिळण्याच्या तपासणीचा भाग उत्तम. गोळीसुद्धा त्याआधी नाही, पेशंटला सरळ बसवून, खोकला किंवा घशात पाणी असल्यासारखा ओला आवाज आला की लगेच थांबायचं. कोर्समधली पाटी इंग्रजीत आहे. ‘तोंडाने काही देऊ नका, पाणी आणि चहासुद्धा नाही’ अशी मोठ्या अक्षरांत लावा. ‘चहा’ हा शब्द हवाच.

पैशांचं म्हणाल तर सगळ्यांसाठी कोर्सच्या जागा घेऊ नका. आधी रात्रपाळी आणि कॅज्युअल्टीचे लोक, बाकीच्यांना त्यांनी शिकवावं. परीक्षा मोबाइल डेटावर देऊ नका, लायब्ररीच्या वायर जोडलेल्या संगणकावर, दुपारी द्या. प्रमाणपत्रावरचं नाव कौन्सिलच्या नोंदणीप्रमाणेच टाका, नंतर बदलून मिळत नाही. आणि डॉक्टरांनी एक लक्षात ठेवावं: नोंदणी चालू ठेवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत प्रशिक्षणाचे 30 क्रेडिट लागतात, पण परदेशी प्रमाणपत्र आलं म्हणून क्रेडिट आपोआप जमा होत नाहीत. पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

मराठी कार्डं केलीत तर सगळ्या शिफ्टना एकच संच द्या. सकाळी ‘पापड’ आणि रात्री ‘गणपतीपुळे’ विचारलं तर गुणांची वाढ खरी की कार्डाची, हे कळणार नाही. कार्डाला भोक पाडून ते दोरीने बीपीच्या मशीनला बांधा. ड्रॉवरमध्ये ठेवलेलं कार्ड पेशंटपर्यंत पोचत नाही, बीपीचं मशीन पोचतंच.