रिकाम्या बाटल्यांवर हिशेब ठरवू नका: रिसेप्शनच्या पाणी-कोल्ड्रिंकमध्ये आमची झालेली लूट

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत सध्या लग्नाच्या तारखा निघताहेत, म्हणून हे आताच लिहितो. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी पाणी, सरबत आणि कोल्ड्रिंकचा ठेका देण्याआधी एवढं वाचा. दारूचा इथे विषयच नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. मी बोलतोय ते साध्या पिण्याच्या खर्चाबद्दल. त्यात एवढी मोठी चोरी होऊ शकते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्या पुतण्याचं रिसेप्शन एप्रिलच्या शेवटी, संध्याकाळी, गावातच मंडप टाकून होतं. पारा ४३-४४ वर, त्यामुळे थंड पाणी भरपूर हवं, याबद्दल घरात दुमत नव्हतं. अंदाज सहाशे माणसांचा. तालुक्याच्या गावचा एक पाणीवाला कोल्ड्रिंकचाही धंदा करतो. त्याने दादांना, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांना, भाव सांगितला तो असा: २० लिटरच्या ७० कॅना ४० रुपयांप्रमाणे २,८०० रुपये, छोट्या पाणी-बाटल्यांचे १० खोके २,५०० रुपये, काचेच्या बाटल्यांचे २० क्रेट ८,००० रुपये आणि स्वागताचं संत्र्याचं सरबत ३,५०० रुपये. एकूण १६,८०० रुपये. ५,००० रुपये ॲडव्हान्स घेतला आणि वर म्हणाला, "तुमी कायले टेन्शन घेता काका? लागन तेवढंच लावतो, उरलं तं मीच वापस नेतो. कार्यक्रम झाला का रिकामं मोजाचं अन् पैसे द्याचे."

ऐकायला हे फार सोयीचं वाटतं. वापरलं तेवढ्याचेच पैसे, आणखी काय पाहिजे? पण सगळी लबाडी याच वाक्यात आहे. 

रात्री साडेअकराला मंडप निम्मा रिकामा झाला होता, व्याही मंडळी अजून बसलेली होती. तेव्हा पाणीवाल्याची माणसं चिठ्ठी घेऊन दादांसमोर उभी राहिली. कॅना १६०, म्हणजे ६,४०० रुपये. पाण्याचे खोके २२, म्हणजे ५,५०० रुपये. क्रेट ४६, म्हणजे १८,४०० रुपये. बर्फाच्या २२ लाद्यांचे ६,६०० रुपये, ज्याचा ठरवताना उल्लेखच नव्हता. सरबताचे ३,५०० रुपये धरून एकूण ४०,४०० रुपये. मंडपामागे रिकाम्या कॅना आणि क्रेट खरोखरच रचून ठेवले होते. दादांनी शंका काढली तर त्यातला एक जण मुद्दाम आवाज चढवून बोलू लागला. पाहुण्यांसमोर, नव्या सुनेच्या माहेरच्यांसमोर तमाशा नको म्हणून दादांनी आहेराची पाकिटं फोडली आणि उरलेले ३५,४०० रुपये मोजून दिले. तुरीच्या पैशात लग्न करणाऱ्या माणसाला हे काय वाटलं असेल, ते मी त्यांच्या तोंडाकडे पाहून समजलो.

सकाळी झाडलोट करताना खरा प्रकार उघडा पडला. ४६ क्रेट म्हणजे २४ च्या हिशेबाने १,१०४ बाटल्या. काचेची बाटली फोडली की बूच तिथेच पडतं, आणि कोल्ड्रिंकचं टेबल एकच होतं. घरातल्या पोरांनी टेबलाखालची, मातीतली, नालीतली सगळी बुचं वेचून घमेल्यात टाकली. ती साडेपाचशेच्या वर जाईनात. मग उरलेल्या बाटल्या फुटल्या कुठे? ज्या पोराने रात्री क्रेट हलवायला हात लावला होता, तो सांगू लागला की मागच्या रांगेतल्या बाटल्या आतून कोरड्याठाक होत्या, तळाशी साखर वाळून चिकटली होती आणि त्यात मेलेल्या मुंग्या होत्या. तासाभरापूर्वी प्यालेली बाटली अशी नसते. आदल्या दिवशीच्या दुसऱ्या कुठल्या तरी लग्नातले रिकामे क्रेट त्याच टेम्पोत भरून आले होते आणि मंडपामागे उतरवून आमच्या नावावर मोजले गेले होते.

पाण्याचंही तेच. १६० कॅना म्हणजे ३,२०० लिटर. कॅटररकडे ताटं लागली ६४०. म्हणजे लेकराबाळांसकट प्रत्येकाने तीन-चार तासांत पाच-पाच लिटर पाणी प्यालं, असं ते बिल सांगतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यातही जेवणावळीत माणशी दीड लिटर धरलं की सढळ झालं. सहाशे माणसांना ९०० लिटर, म्हणजे ४५ कॅना. हात धुणं, सांडणं, वाढप्यांचं पिणं धरून ७० पुरे होत्या. त्याचा पहिला आकडा बरोबरच होता. भाव ठरवताना त्याला हिशेब चांगला येत होता, हे त्यावरून दिसतं.

सरबतात संत्रं नव्हतंच. रंग आणि एसेन्स होता. लहान पोरांचे ओठ दुसऱ्या दिवशीही केशरी होते. त्यात तो लादीचा बर्फ फोडून टाकत होता. तो बर्फ खाण्याचा होता की मासे-दूध थंड ठेवण्याचा, हे कुणी विचारलं नाही तर तो सांगणार नाही. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम केला, तो याच घोळासाठी. पण पांढरी लादी आली म्हणजे ती चांगल्या पाण्याचीच, असं समजू नका. बाटल्या बाहेरून थंड करायला लादी चालते, ग्लासात नको.

आम्ही तिघं त्याच्या दुकानी गेलो. बुचांचं घमेलं टेबलावर ठेवलं. "रिकामं तुमच्यासमोरच मोजलं ना," एवढंच तो धरून बसला. बर्फाचे ४,००० रुपये परत दिले, बाकी नाही. पक्कं बिल मागितलं तर देतो देतो करत टाळलं.

तुमच्याकडे कार्य असेल तर माल उतरतानाच भरलेलं मोजा. टेम्पोजवळ घरचा एक माणूस वही घेऊन बसवा. तो माणूस मामा, मावसा कुणीही चालेल, पण त्याला दुसरं काम देऊ नका. गाडीत आधीपासून रिकामे क्रेट किंवा कॅना असतील तर त्या खाली उतरूच देऊ नका. भरलेलं किती आलं आणि सीलबंद किती परत गेलं, या दोन आकड्यांवर त्याची सही घ्या. पैसे त्यांच्या वजाबाकीचेच. बर्फ, टेम्पोभाडं, वाढणारी पोरं हे भावात आहे की वेगळं, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. क्रेटच्या बाटल्यांची तारीखही तेव्हाच पाहा. छापील किमतीच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही, लग्न असलं तरी. शेवटचा हिशेब रात्री मंडपात करायचा नाही, दुसऱ्या दिवशी घरी करायचा, हे ॲडव्हान्स देतानाच सांगून टाका. जो याला तयार होत नाही, त्याला काम देऊ नका.

कोल्ड्रिंक तर ठेक्यात देऊच नये, असं माझं मत झालं आहे. तालुक्याच्या होलसेलवाल्याकडून पक्क्या बिलावर घ्या आणि न फोडलेले क्रेट परत घेण्याचं आधी बोलून ठेवा. ठेकेदारावर फक्त पाणी सोपवा. मठ्ठा घरच्या दुधदुभत्यातून किंवा आचाऱ्याकडून झाला तर उन्हाळ्यात लोक कोल्ड्रिंकपेक्षा तोच जास्त मागतात.

फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, त्यामुळे रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. तिथे तोंडी बोलणं पुरत नाही. भावाची चिठ्ठी, मोजणीची वही, रिकाम्या मालाचे फोटो आणि पैसे दिल्याची नोंद जपून ठेवा. पैसे रोख दिले असतील तर पावती घेतल्याशिवाय टेम्पो हलू देऊ नका.