जुनी ब्लेडं की नवी? सात महिने दोन्ही वापरल्यानंतर

गेल्या रविवारी जबड्याच्या डाव्या वळणावर पहिलाच हात फिरवला आणि केस कापले न जाता ओढले गेले. दुसऱ्या हाताला रक्त आलं. रेझरमधलं जुनं, दोन धारांचं ब्लेड काढून खिडकीपाशी भिंगाखाली धरलं, तर एका धारेवर 3 मिलिमीटरभर तपकिरी रेघ. आदल्याच सकाळी हेच ब्लेड त्याच जागेवरून इतकं अलगद फिरलं होतं, की वहीत मी ‘आजवरची सगळ्यात मऊ दाढी’ असं लिहून ठेवलं होतं. मधे एकच रात्र गेली. त्या रात्री मी ते रेझरमध्ये ओलंच राहू दिलं.

म्हणून हे लिहायला बसलोय. जुन्या ब्लेडांचं कौतुक वाचून बरेच जण जुना साठा विकत घेतात, मीही घेतला. पण त्या कौतुकात गंजाबद्दल एखादं ओझरतं वाक्य असतं. माझ्या अनुभवात सगळा खेळ तिथेच आहे.

आधी एक घोळ दूर करतो. ‘जुनं ब्लेड’ म्हणजे एकच गोष्ट नाही. 1960 च्या आधीचं ब्लेड म्हणजे बहुतेक वेळा साध्या कार्बन पोलादाचं. जिलेटचं 1932 मध्ये आलेलं ‘ब्लू ब्लेड’ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन सोर्ड या ब्रिटिश कंपनीने धारेवर लेप दिलेलं स्टेनलेस ब्लेड बाजारात आणलं आणि 1963 मध्ये जिलेटलाही आपलं स्टेनलेस काढावं लागलं. त्यानंतरचं जुनं ब्लेड हे आजच्या ब्लेडाचं थेट पूर्वज आहे. कार्बनवाल्याचा अनुभव स्टेनलेसच्या नावावर आणि स्टेनलेसचा कार्बनच्या नावावर खपवला जातो, म्हणून जुन्या-नव्याच्या चर्चा भरकटतात.

माझी पद्धत अशी. एकाच बनावटीचे दोन सौम्य रेझर घेतले. डाव्या गालाला एक, उजव्या गालाला दुसरा, आणि पुढच्या दाढीला बाजू उलट. साबण तोच, ब्रश तोच, आधी तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवणं ठरलेलं. भिजवण्याला मी फार महत्त्व देतो, कारण कोरडा केस चिवट असतो आणि पाणी प्यायलेला केस बराच कमी जोरात कापला जातो. ते एक दिवस राहिलं की चांगलं ब्लेडही वाईट वाटतं. दर दाढीला वहीत चारच नोंदी: वरच्या ओठावर ओढलं का, हनुवटीखाली केसांच्या उलट दिशेने हात फिरवताना आग झाली का, कुठे कापलं का, आणि संध्याकाळी हात फिरवल्यावर खुंट किती लागतात.

पहिले दोन महिने कार्बनची ब्लेडं वापरली आणि निराश झालो. पहिली दाढी उत्तम. दुसरी खरखरीत. तिसरी करूच नये अशी. वहीत मी ठाम लिहिलं होतं, की जुन्या पोलादाची कीर्ती ही निव्वळ आठवणींची माया आहे.

त्यात साठा विकणाऱ्याचा मनस्ताप. दहा-दहाची दोन पाकिटं ‘सीलबंद’ म्हणून घेतली होती. वीसपैकी सात ब्लेडांवर आतल्या मेणकागदाखाली तपकिरी ठिपके निघाले. भिंगातून काढलेले फोटो पाठवले. उत्तर आलं, की वेष्टन शाबूत आहे तेव्हा माल शाबूत आहे, परत घेणार नाही. हे मला मान्य नाही. वेष्टन शाबूत असलं तरी दशकानुदशकं पडून राहिलेल्या कागदातून दमट हवा आत जाते, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवं. घेणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो: आतला मेणकागद उजेडासमोर धरा. धारेच्या रेषेत कागदावर चहाच्या डागासारखी छटा उतरलेली दिसली, तर ते ब्लेड चेहऱ्याला लावू नका. मधल्या पट्टीवर ठिपका असेल तर चालतं. धारेवर असेल तर अजिबात नाही.

तिसऱ्या महिन्यात माझं मत फिरलं. उरलेल्या तेरांपैकी दोन निर्दोष ब्लेडं घेतली. एक दाढीनंतर नेहमीसारखं रेझरमध्येच ठेवलं. दुसरं काढलं, धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलं आणि कागदावर उभं करून वाळवलं. पुसलं नाही, कारण टॉवेलने पुसताना धारच बिघडते. पहिलं ब्लेड दुसऱ्या दाढीला मेलं. दुसऱ्याने चार दाढ्या स्वच्छ काढल्या, पाचवीला वरच्या ओठावर ओढायला लागलं.

म्हणजे दोन महिने मी जुन्या पोलादाला दोष देत होतो आणि ब्लेड खाणारी होती ती रात्र! धारेचं अगदी टोक इतकं बारीक असतं, की तिथे डोळ्याला न दिसणारा गंजही तिला बोथट करायला पुरतो. तपकिरी रेघ दिसते तेव्हा तर फार उशीर झालेला असतो. आजच्या ब्लेडाच्या पोलादात साधारण 13 टक्के क्रोमियम असतं. पृष्ठभागावर त्याचा अतिशय पातळ ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो आणि तोच पाण्याला अडवतो. कार्बन पोलादाकडे हे कवच नाही. ही वाळवण्याची कसरत मी नव्या ब्लेडांवरही महिनाभर करून पाहिली. वहीत काडीचाही फरक पडला नाही. नव्या ब्लेडासाठी हा खटाटोप करू नका. ते झटकून ठेवलंत तरी पुरे.

वाळवलेल्या कार्बन ब्लेडाची दाढी मात्र मला खरोखर आवडते. धार नव्याइतकी तिखट नाही, पण त्वचेवर ती कठोर वाटत नाही. हनुवटीखाली, जिथे माझे केस तीन दिशांना वळतात, तिथे उलट्या हातानेही आग कमी होते. हा माझ्या त्वचेचा अनुभव आहे आणि तो मी चार वेगवेगळ्या ब्लेडांवर पुन्हा पुन्हा नोंदलाय.

आता 1960 च्या दशकातलं स्टेनलेस. यासाठी बायकोची मदत घेतली. ती दोन रेझरमध्ये ब्लेडं भरायची, एकात जुनं स्टेनलेस, एकात नवं, आणि मुठींना लाल-हिरवा दोरा बांधायची. रेझरच्या डोक्याखालून ब्लेडाची टोकं दिसतात, म्हणून मी चष्मा काढून दाढी करायचो. दर वेळी दोन्ही ब्लेडं कोरी. अशा 12 दाढ्या केल्या आणि जुनं कोणतं ते ओळखायचा प्रयत्न केला. बरोबर आलं सात वेळा. नाणं उडवूनही सहाच्या आसपास येतात. त्याआधी मी मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो, की जुनं स्टेनलेस पहिल्याच हाताला ओळखू येतं. ते विधान मी मागे घेतो.

फरक पडतो तो पुढे, धार उतरताना. जुनं स्टेनलेस सातव्या दाढीपर्यंत एकसारखं चाललं आणि मग हळूहळू मंदावलं. मी वापरलेल्या दोन नव्या ब्लेडांपैकी एक पहिल्या दोन दाढ्यांना त्याच्यापेक्षा तिखट होतं, पण पाचवीला वरच्या ओठावर अचानक अडखळायला लागलं. दुसरं नवं ब्लेड मात्र जुन्याच्या बरोबरीने सातपर्यंत गेलं. तेव्हा ‘आता पूर्वीसारखं बनत नाही’ हे सरसकट म्हणणं मला चुकीचं वाटतं. नव्यांमध्येच आपापसात जितका फरक आहे, तितका त्यांच्या आणि जुन्याच्या मधे नाही.

अचानक अडखळण्याचं कारण शोधताना 2020 मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेलं एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांचं काम वाचलं. ब्लेडाचं पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असतं, तरी केस त्याला बोथट करतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं, की केस वाकून धारेवर तिरका पडला आणि नेमकी तिथे पोलादाची आतली रचना असमान असली, तर धारेचा बारीक टवका उडतो. हे वाचल्यापासून वरच्या ओठावर मी केस जास्त भिजवतो आणि हात आखूड घेतो. अडखळणारं नवं ब्लेड त्यामुळे सहाव्या दाढीपर्यंत पोचलं. एक दाढी वाढली, पण मला काटकसरीची आवड असल्यामुळे ती मोलाची वाटते.

कोऱ्या ब्लेडाच्या पहिल्या दाढीबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे. लेप दिलेल्या ब्लेडाची दुसरी दाढी माझ्या वहीत जवळजवळ नेहमी पहिलीपेक्षा चांगली आहे. धारेच्या टोकावरचा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनसारख्या निसरड्या लेपाचा, जादा थर सुरुवातीच्या हातांत मागे सरकतो. काही जण त्यासाठी कोरं ब्लेड बुचाच्या लाकडातून ओढतात. मी दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा हनुवटीखाली आग झाली, सोडून दिलं. पहिली दाढी हलक्या हाताने, फक्त सुलट्या दिशेने करावी, एवढं पुरतं.

सध्याची व्यवस्था अशी आहे. रोजच्या वापराला ते सात दाढ्या देणारं नवं ब्लेड. जुन्या स्टेनलेसचं एक पाकीट उरलंय, ते हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत. कार्बनची पाच ब्लेडं उरलीत. ती फक्त सुट्टीच्या दिवशी, जेव्हा दाढीनंतर अल्कोहोलची वाटी काढायला, ब्लेड उभं करायला आणि ते वाळेपर्यंत थांबायला सवड असेल तेव्हाच. रविवारी ज्याने कापलं त्याच्या चार कोपऱ्यांवर 1 ते 4 आकडे छापलेले आहेत. गंज 3 आणि 4 च्या मधल्या धारेवर होता, 1 आणि 2 ची धार भिंगाखाली स्वच्छ दिसत होती. मोह झाला, पण ते वापरलेल्या ब्लेडांच्या पत्र्याच्या डबीत टाकलं.