‘स्पायवेअर काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

नाशिकला राहणाऱ्या माझ्या काकांची नुकतीच फसवणूक झाली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात स्पायवेअर आहे’ अशा सूचना सारख्या येत होत्या, वायफायही अडखळत होतं. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी राउटरच्या कंपनीचा हेल्पलाइन नंबर गूगलवर शोधला. सगळ्यात वर आलेला नंबर कंपनीचा नव्हताच.

पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला. दुरून स्क्रीन हाताळता येते असं एक ॲप त्यानं टाकायला लावलं आणि मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. विंडोजच्या कुठल्याही धडधाकट संगणकात अशा नोंदी ढिगानं असतात, हे काकांना कसं ठाऊक असणार? पुढे त्यानं काळ्या खिडकीत नेटस्टॅटची कमांड चालवली; संगणक कुणाकुणाशी जोडलाय ते ती दाखवते. तिथल्या ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, “सर, देखिए, विदेश से कितने लोग जुड़े हैं.” आपला संगणक ज्या ज्या सर्व्हरशी बोलतो त्या प्रत्येकाचा पत्ता त्या रकान्यात येतो, मग तो सर्व्हर मुंबईतला का असेना. मग वायफायला कोण जोडलंय त्याची राउटरमधली यादी दाखवली; तिथली अनोळखी नावं म्हणजे घरचेच मोबाइल आणि टीव्ही होते. हल्लीचे फोन वायफायला जोडताना खरा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) लपवतात, त्यामुळे ते ओळखू येत नाहीत.

शेवटी त्यानं पेगाससचं, म्हणजे फोनमध्ये शिरून पाळत ठेवणाऱ्या स्पायवेअरचं, नाव काढलं. २०२१ मध्ये काकांनी ते पेपरात वाचलेलं. ते फक्त सरकारांना विकतो, असं बनवणारी कंपनीच सांगते. निवृत्त माणसाच्या लॅपटॉपमध्ये ते कोण कशाला घालेल? पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. ‘पाच वर्षांच्या नेटवर्क संरक्षणा’चे २४,९९९ रुपये गेले.

काकूंचा फोन आला, “अगं, ह्यांनी कुणाला तरी पैसे भरलेत, बघ जरा.” मी आधी लॅपटॉपचं इंटरनेट बंद करायला सांगितलं. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेला कळवलं. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची आशा जास्त. पासवर्ड बदलले ते माझ्या फोनवरून, त्या लॅपटॉपवरून नाही. विंडोज नव्यानं टाकलं. राउटर मागचं बारीक बटण दाबून रीसेट केला, त्याचा ॲडमिन पासवर्ड बदलला. काकांच्या मोबाइलमध्ये ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचण्या-हाताळण्याची) परवानगी कोणत्या ॲपला आहे आणि व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये कोण आहे, तेही तपासलं. काही सापडलं नाही.

मुळात त्या सूचना ब्राउझरच्याच होत्या! कुठल्याशा वेबसाइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती. विंडोज पुसण्याआधी मी ती काढून पाहिली आणि सूचना तिथल्या तिथे थांबल्या.

आता ‘रिफंड देतो’ म्हणून त्याच टोळीचे फोन येतायत. यात पुन्हा स्क्रीन ताब्यात घेतात, बँकेच्या पानावर दिसणारा शिल्लक रकमेचा आकडा तेवढ्यापुरता वाढवून दाखवतात आणि ‘चुकून जास्त पैसे आले, उरलेले परत पाठवा’ म्हणून गयावया करतात. खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. तुमच्या घरी असा फोन आला तर बोलत बसू नका, सरळ ठेवून द्या आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.