यिडिश बुक सेंटरचं डिजिटल ग्रंथालय: आठ महिन्यांच्या वापरानंतर

यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. अ‍ॅरन लॅन्स्की यांनी १९८० साली अमेरिकेत यिडिश पुस्तकं गोळा करायला घेतली. जगात जेमतेम ७०,००० प्रती उरल्या असतील, असा तेव्हा जाणकारांचा अंदाज होता. जमल्या दहा लाखांहून जास्त. त्यांतली ११,००० हून अधिक पुस्तकं त्यांनी स्थापलेल्या, अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टच्या या केंद्राने स्कॅन करून सगळ्यांना मोफत खुली केली आहेत, आणि पूर्ण पीडीएफ उतरवता येते. मरणाच्या दारातून परत आणलेली ही भाषा घरबसल्या वाचता येते, म्हणून पाचपैकी पाच तारे. मात्र नवखा वाचक शोधाशी अडतो आणि पुस्तकच नाही असं समजून परत फिरतो. बहुतेक वेळा पुस्तक असतं, आपण टाकलेलं लेखन वेगळं असतं.

यिडिशच्या लेखनाचे तीन थर ध्यानात ठेवा. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत जर्मनच्या नकलेने घातलेली, उच्चारात नसलेली अक्षरं आढळतात. त्यानंतर यिवो या यिडिश संशोधन संस्थेचे १९३० च्या दशकातले नियम येतात, आजचे शब्दकोश त्यांना धरून आहेत. तिसरं सोव्हिएत लेखन. त्यात हिब्रू मुळाचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले जात. ‘एमेस’, म्हणजे सत्य, हा शब्द एरवी आलेफ-मेम-ताव असा लिहितात, मॉस्कोच्या पुस्तकात मात्र आयिन-मेम-आयिन-सामेख. शब्दाच्या शेवटी येणारी पाच वेगळी अक्षररूपंही तिथे काढून टाकली होती, ती १९६१ मध्ये परत आली. म्हणून हिब्रू मुळाचा शब्द दोन्ही प्रकारे टाकून बघा. जुन्या मराठी पुस्तकांत ‘केलें’, ‘नाहीं’ असं छापलेलं असताना १९६२ नंतरच्या नियमांप्रमाणे ‘केले’ शोधलं की हाती काही लागत नाही, तसाच हा प्रकार.

मजकुरातला शोध संगणकाने ओळखलेल्या अक्षरांवर चालतो. चुका ठरलेल्या जागी होतात: दालेद आणि रेश, सामेख आणि शेवटचा मेम, गिमल आणि नून, वोव आणि झायेन. आपल्याकडे घ-ध, भ-म यांचा घोळ होतो तसाच. शब्द सापडला नाही तर संशयित अक्षर बदलून पुन्हा शोधा, किंवा शेजारी येऊ शकेल असा दुसरा शब्द टाका. चुकीचं ओळखलेलं अक्षर दिसलं तर दुरुस्ती सुचवायची सोय आहे. ती जरूर वापरा, पुढच्या शोधकाचा तास वाचतो.

खरी कमतरता स्कॅनची. बरीच पानं निव्वळ काळी-पांढरी आहेत, करड्या छटा नाहीत. त्यामुळे आलेफखालची पासेख आणि कोमेत्स ही स्वरचिन्हं, किंवा ‘प’ आणि ‘फ’ वेगळे करणारा ठिपका, कागदाच्या डागात मिसळून जातात. मूळ कागद लाकडी लगद्याचा आणि आम्लधर्मी, म्हणून पिवळा पडून कडांनी तुटणारा. स्कॅनमध्ये तो पिवळेपणा काळा होऊन उमटतो. शंका आली की पान दुप्पट मोठं करा, वाक्याच्या अर्थावरून ठरवा. पीडीएफ एकेक पान अशीच उघडा. जोडपानांत पाहिली तर उजवीकडून डावीकडे जाणारा क्रम उलटा लागण्याची शक्यता असते.

मुखपृष्ठावरचं हिब्रू साल अक्षरांत असतं, ते काढायची युक्ती सोपी आहे. अक्षरांच्या किमतींची बेरीज करा आणि १२४० मिळवा. ताव ४००, रेश २००, आयिन ७०, बेस २, मिळून ६७२. म्हणजे १९१२. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो तसंच. फक्त हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून पुस्तक १९११ च्या अखेरीचंही असू शकतं.

मराठी वाचकांसाठी एक सूचना. बेने इस्रायल या महाराष्ट्रातल्या ज्यू समाजाचं साहित्य इथे शोधू नका, कारण त्यांची भाषा मराठी, यिडिश नव्हे. १८७४ मध्ये पुण्यात छापलेली हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हवी असेल तर इस्रायलचं राष्ट्रीय ग्रंथालय किंवा ज्यू ग्रंथांचे इतर मोठे संग्रह पाहा.

शेवटी नोंदीबद्दल. प्रत्येक पुस्तकाच्या इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरच्या पत्त्यात ‘एनवायबीसी’ (nybc) आणि त्यापुढे सहा आकडे असतात. शीर्षकाऐवजी तोच क्रमांक टिपून ठेवा. रोमन लिपीत एकाच लेखकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं, क्रमांक मात्र बदलत नाही.