बी-१ जर्मन परीक्षा: सगळं वजन तिसऱ्या स्लाइडवर

मॅक्स म्युलर भवनात होणारी गोएथे इन्स्टिट्यूटची बी-१ (जर्मनच्या सहा पातळ्यांपैकी तिसरी) परीक्षा पुण्या-मुंबईतली बहुतेक मुलं व्हिसा, नोकरी किंवा पुढच्या शिक्षणासाठी देतात. त्यामुळे तयारीही तेवढ्यापुरतीच होते, आणि परीक्षेचा सर्वांत चांगला भाग हातचा जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीला जगाशी पुन्हा बोलायचं, तर आधी लोकांना आपली भाषा शिकवायची, या विचाराने ही संस्था १९५१ साली उभी राहिली. भारतात तिला नाव मिळालं ते सायणभाष्यासह ऋग्वेद छापणाऱ्या आणि भारतात एकदाही न आलेल्या मॅक्स म्युलरचं. ओळख वाढवण्याचा हा हेतू बी-१च्या प्रश्नपत्रिकेत अजून स्पष्ट दिसतो.

वाचन ६५ मिनिटं, श्रवण सुमारे ४०, लेखन ६०, संभाषण सुमारे १५. प्रत्येक विभाग १०० गुणांचा आणि पास व्हायला ६० हवेत. वाचन आणि श्रवणात ३०-३० प्रश्न असतात, म्हणजे १८ बरोबर आले की झालं. कागदावरच्या परीक्षेत वाचनाची उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळा वेळ नसतो, ६५ मिनिटांतच ते उरकावं लागतं. श्रवणात मात्र शेवटी पाच मिनिटं मिळतात. हा फरक आधी माहीत नसल्याने वाचनात हकनाक गुण जातात.

श्रवणाचे चार भाग आहेत. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. दुसऱ्या भागात सहसा एखादा वाटाड्या ठिकाण दाखवत बोलत असतो. प्रश्न आधी वाचून ठेवले नाहीत, तर तो पुढे निघून जातो. शिवाय ही परीक्षा ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या संस्थांसोबत तयार केलेली आहे, त्यामुळे त्या देशांतले उच्चारही कानावर पडतात. फक्त जर्मनीतल्या बातम्या ऐकून सराव केलेल्यांना ते जड जातं.

लेखनाची विभागणी ४०, ४० आणि २० गुणांची. २० गुणांचं पत्र जेमतेम ४० शब्दांचं असतं, पण तिथे अदब तपासली जाते. समजा, श्रीमती अमुक यांना भेटीला येता येत नाही असं कळवायचं आहे. सुरुवात 'झेअर गेएर्टे फ्राउ'ने (आदरणीय श्रीमती) आणि शेवट 'मिट फ्रॉइंटलिखेन ग्र्युसेन'ने (स्नेहपूर्वक नमस्कार) करायचा. मधे एकदाही 'डू'चं (म्हणजे 'तू'चं) रूप डोकावता कामा नये. 'तू' आणि 'तुम्ही' वापरतच वाढलेल्या मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. तरीही चुका होतात, कारण पत्र मनात इंग्रजीत तयार होतं आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. 'वाइल'नंतरचं (म्हणजे 'कारण'नंतरचं) क्रियापद शेवटी जातं, तिथेही तेच. 'कारण मी आजारी आहे' या मराठी वाक्यात 'आहे' शेवटीच असतं, 'वाइल इश क्रांक बिन'मध्ये 'बिन'सुद्धा. मराठीतून विचार केला तर हात चुकत नाही. तीन लिंगांचीही आपल्याला सवय आहे, फक्त कोणत्या शब्दाचं कोणतं ते नव्याने पाठ करायचं.

खरा कस लागतो तो संभाषणात. तयारीला १५ मिनिटं मिळतात आणि समोर बहुतेक वेळा दुसरा उमेदवार असतो. आधी दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं (२८ गुण), मग एका विषयाची मांडणी (४० गुण), शेवटी एकमेकांच्या मांडणीवर अभिप्राय आणि एक प्रश्न (१६ गुण). उरलेले १६ उच्चारांचे. मांडणीसाठी पाच स्लाइड्स दिलेल्या असतात: विषय, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि स्वतःचं मत, समारोप.

तिसऱ्या स्लाइडवर परीक्षाच उमेदवाराला सांगते की आता तुझ्या देशाबद्दल बोल, आम्ही ऐकतो. परदेशी भाषेच्या परीक्षेत ही जागा ठेवणं हे या परीक्षेचं मोठं मोल आहे. दुर्दैवाने आपली मुलं तिथे 'भारतात सगळं वेगळं आहे' म्हणून दोन वाक्यांत पुढे सरकतात. विषय 'नोकरी करणारे आई-बाप आणि मुलं' असेल, तर आजी नातवाला शाळेतून आणते, दुपारी वरणभात भरवते, आणि शहरातल्या छोट्या फ्लॅटमुळे हे कमी होत चाललंय, एवढं सांगायला हवं. 'ग्रोसएल्टर्न' (आजी-आजोबा), 'आबहोलेन' (आणायला जाणं), 'फ्र्युअर' (पूर्वी) आणि 'हॉयटे' (आज) या चार शब्दांवर ते सहज निभतं. परीक्षकाला त्यावर प्रश्न विचारावासा वाटतो आणि बोलणं पुढे जातं.

वक्तृत्व स्पर्धांची सवय इथे नडते. पाठ केलेलं भाषण म्हणून झालं की उमेदवार गप्प बसतो, जोडीदाराची मांडणी ऐकतच नाही, आणि अभिप्रायाची वेळ आली की 'छान होतं' यापलीकडे काही सुचत नाही. जोडीदार बोलत असताना एक मुद्दा टिपून ठेवा आणि त्यावरच प्रश्न विचारा. सुरुवातीच्या नियोजनातही त्याच्या प्रत्येक सूचनेला होकार देऊ नका. शनिवार त्याने सुचवला तर अडचण सांगा, रविवार सुचवा, मग दोघांना जमेल तो दिवस धरा.

उणीव एक आहे आणि ती खटकते: विभागवार गुण कळतात, पण तपासलेली उत्तरपत्रिका हातात येत नाही, त्यामुळे ५७ वर अडकलेल्याला आपलं कुठे चुकलं हे नेमकं समजत नाही. दिलासा एवढाच की राहिलेला विभाग तेवढाच पुन्हा देता येतो. लेखन आणि संभाषण दोन्ही राहिले असतील तर आधी संभाषण द्या, कारण वर्ग सुटला की बोलण्याचा सराव सर्वांत आधी जातो.