सोलापूरच्या पाण्यावर गॅस गिझर: आठ महिन्यांनंतर

मिनिटाला 6 लिटरचा साधा गॅस गिझर, चार माणसांचं घर, टाकीत नळाचं आणि बोअरचं मिसळलेलं पाणी. गॅस वाटतो तेवढा जात नाही. 20 लिटरची बादली 22 अंशांवरून 42 वर न्यायला 400 किलोकॅलरी लागतात. 80 टक्के कार्यक्षमता धरली तर हा सुमारे 45 ग्रॅम गॅस झाला, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरात तीनशेच्या वर बादल्या. त्याबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती क्षारांची, आणि ती गिझरपेक्षा आपल्या पाण्याची जास्त.

सर्व्हिसिंगला आलेला माणूस बहुधा आधी बर्नर खोलतो. इथे आधी पाण्याची बाजू खोलावी. रेग्युलेटर बंद, दोन्ही मोठे सेल बाहेर, पाण्याचा कॉक बंद, गिझर गार झालेला, मगच पाना हातात घ्यायचा. आत येणाऱ्या पाण्याच्या नटमागे बारीक जाळी असते. काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा पहिल्या धारेबरोबरचा गाळ टाकीत बसतो आणि तिथून या जाळीत. जुन्या टूथब्रशने दोन मिनिटांचं काम, पण महिन्याला हवंच. जाळी तुंबली की प्रवाह घटतो, डायफ्राम (पाण्याच्या दाबाने हलणारा रबरी पडदा) पिनला पुरेसा ढकलत नाही, ठिणगी चालू करणारा छोटा मायक्रोस्विच दबत नाही आणि स्पार्कची टकटकसुद्धा ऐकू येत नाही. लोक सेल बदलत बसतात.

जाळी साफ असूनही हेच होत असेल तर डायफ्रामचं रबर उजेडात धरून बघा. बारीक भोक किंवा ताठरपणा दिसला तर नवा टाका, चिकटवू नका. दोन्हीही ठीक असेल तर टाकीची उंची मोजा. गिझरवर पाण्याचा किमान दाब 0.2 बार लिहिला असेल तर टाकीतलं पाणी गिझरपेक्षा साधारण 2 मीटर वर हवं. एकमजली घराच्या स्लॅबवर नुसती टेकवलेली टाकी निम्मी रिकामी झाली की तिथेच मार खाते.

आता कॉईल, म्हणजे ज्योतीवर पाणी तापवणारी तांब्याची नळी. पाणी जितकं जास्त तापेल तितका क्षार धातूवर बसतो. म्हणून ज्योत मोठी ठेवून कढत पाण्यात बादलीत गार मिसळण्याची सवय सोडायची. ज्योत कमी करून सरळ अंगाला सोसेल तेवढंच पाणी काढायचं. अंघोळ झाली की आधी गॅसचा नॉब बंद, पाणी आणखी 15 सेकंद वाहू द्यायचं. नाहीतर तापलेल्या तांब्यात अडकलेलं पाणी तिथेच उकळून खार सोडतं. एवढ्याने कॉईल साफ करायची वेळ लांबते, टळत नाही.

साफ करायची वेळ आली की 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. कॉईलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक नळ्या लावून त्या गिझरच्या वर उभ्या बांधा. एकीतून ओता, दुसरीत दिसेपर्यंत. फेस वर येतो, म्हणून नळ्यांची तोंडं मोकळी हवीत. 30 ते 40 मिनिटांनी काढा, पाणी फार गढूळ निघालं तर पुन्हा एकदा, मग भरपूर धुवा. फरशीचं ॲसिड मात्र अजिबात नको. ते खाराबरोबर तांबं आणि पितळेचे जोडही खातं.

गॅसच्या बाजूला सोलापूरचा स्वतःचा एक शत्रू आहे: पूर्व भागात मागांजवळच्या घरांत सुताची धूळ. ती बर्नरच्या हवेच्या तोंडाशी गोळा होते, हवा कमी पडते, निळी ज्योत पिवळी होते आणि वर कॉईलच्या पात्यांत काजळी धरते. तिथे तीन महिन्यांनी बर्नर काढून मऊ ब्रशने झाडावा. जेटमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, सुई घालू नका. भोक वाढलं की गॅस जास्त सुटतो आणि काजळी परत येते. ज्योत पेटून काही सेकंदांत विझत असेल तर आधी ज्योत ओळखणारी कांडी बघा. बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसली की बहुतेक वेळा चालू होतं.

जोडणी परत केल्यावर साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा, काडी पेटवून नाही. पाणी बंद केल्यावरही ज्योत राहिली तर आधी रेग्युलेटर बंद. आतली पिन क्षाराने अडकलेली असते, आणि ती मोकळी होईपर्यंत गिझर वापरायचा नाही.

गुण पाचपैकी साडेतीन. एक गुण जातो तो जाळीपर्यंत पोचायला नळजोड सोडवावा लागतो म्हणून, अर्धा सेलच्या डब्याच्या ढिल्या झाकणासाठी. गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी असेल तरच हे गुण. आत बसवला असेल तर शून्य. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसला असतो तो वास मुद्दाम मिसळलेला आहे.

एप्रिल-मेमध्ये टाकीतलं पाणीच चटका देतं, गिझर बंदच असतो. तेव्हा सेल काढून ठेवा. आत राहिले तर गळतात आणि पत्र्यांवर हिरवट थर धरतो.