घर विकण्याआधी तयार करून देणारी सेवा: सफाई उत्तम, भिंतीपाशी मात्र चुकले

19 वर्षं राहिलेलं घर विकायला काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही एका ‘घर विक्रीसाठी तयार करून देणाऱ्या’ सेवेला बोलावलं. आवराआवर, सखोल सफाई, किरकोळ दुरुस्त्या, रंग आणि शेवटी फोटो, असं सगळं एकत्र. नाव घेत नाही, कारण बरंवाईट दोन्ही लिहिणार आहे.

आधी चांगलं, कारण ते खरंच चांगलं होतं. सुपरवायझर ताई पहिल्या दिवशी आल्या आणि कशालाही हात न लावता अर्धा तास नुसत्या फिरल्या. प्रत्येक दार उघडून बंद केलं, प्रत्येक नळ सोडून पाहिला, प्रत्येक बटण दाबलं. मग मला म्हणाल्या, “ताई, तुमच्या घराला बंद कपाटासारखा वास येतोय. तुम्हाला नाही जाणवणार.” मला वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. रोज ज्या वासात राहतो त्याला नाक सरावतं, बाहेरून येणाऱ्याला तो उंबऱ्यातच कळतो. सुगंधी फवारे मारू नका, असंही त्यांनी बजावलं. वास कशाने तरी दाबलाय असं वाटलं की घर बघायला आलेला माणूस शोधायलाच लागतो. त्यांनी वासाचं मूळ शोधलं: फ्रिजच्या मागचा पाणी साठणारा ट्रे आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या मोरीची जाळी. वापर नसला की जाळीखालच्या वाकड्या पाइपात अडून राहणारं पाणी सुकून जातं आणि गटाराचा वास सरळ वर येतो. बादलीभर पाणी ओतल्यावर तो गेला.

बेडरूमचं दार खाली घासायचं. आम्ही ते वर्षानुवर्षं उचलून लावत होतो आणि रंधा मारावा लागेल असं धरून चाललो होतो. त्यांच्या सुताराने वरच्या बिजागरीचा सैल स्क्रू काढला, भोकात गोंद लावून दोन-तीन काड्या ठोकल्या, गोंद वाळल्यावर स्क्रू परत आवळला. दार बोटाने ढकललं तरी बंद व्हायला लागलं. एवढ्याशा कामाने मला किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

दिव्यांचं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं. बैठकीत एक दिवा पिवळट, दोन पांढरेशुभ्र, त्यामुळे एकाच रंगाच्या भिंती फोटोत वेगवेगळ्या दिसत होत्या. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. त्यांनी बैठकीत सगळे 4000 चे लावले आणि झोपायच्या खोलीत 3000 चे.

आता भिंत. बेडरूमच्या कपाटामागे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खालून लोणा लागला होता. पोपडे निघालेले, हात लावला की पांढरी भुकटी बोटांना लागायची. आम्ही तो दाखवला होता. दुपारी मी बाहेर गेले आणि येईपर्यंत पोपडे खरवडून, पुट्टी भरून, प्रायमरचा एक हात झालेला. रंगाऱ्याचं म्हणणं, “फोटोत काही दिसणार नाही.” माझा राग इथे आहे. लोणा म्हणजे भिंतीत पाणी चालतंय याची खूण. ते पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ओल तशीच ठेवून रंग दिला तर तोही सुटणारच, आणि तेव्हा त्या खोलीत दुसरं कुणीतरी झोपत असेल.

मी काम थांबवलं. ताईंनी वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. आम्ही दोघींनी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. दोन तासांनी आकडा तोच. म्हणजे भरलेल्या पाइपातून गळती दिसत नव्हती. मग दोन दिवस ते बाथरूम वापरलं नाही आणि भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला. पहिल्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, बारीक थेंब धरले होते. (थेंब खोलीकडच्या बाजूला धरले असते तर दोष हवेतल्या दमटपणाचा.) आत जाऊन शॉवरखालचा कोपरा पाहिला तर फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथल्या सांध्याला केसाएवढी चीर. तिथे सिमेंटी ग्राउट, म्हणजे फरशांच्या फटीत भरतात तो मसाला, भरलेलं होतं. दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती जागा किंचित हलत राहते आणि कडक ग्राउट तिथे तडकतं. तिथे लवचिक सिलिकॉनच लागतं. जुनं खरवडून, सांधा पूर्ण वाळवून, सिलिकॉन भरलं. ते काम अर्ध्या दिवसाचं होतं, पण भिंत वाळायला साडेपाच आठवडे लागले. तोवर पुट्टी काढून भिंत उघडी ठेवली, कपाट पुढे ओढलं, खिडकी उघडी.

त्या साडेपाच आठवड्यांत घरात बरीच कुरबुर झाली. नवऱ्याला वाटत होतं, रंग देऊन टाकू, फोटो टाकू. मला ते मान्यच नव्हतं.

पुन्हा त्यांनाच बोलवेन, पण ओलीची जागा निघाली तर आधी कारण सापडेल आणि मगच पुट्टी, हे कामाच्या यादीत लिहून घेईन. सफाईच्या आधी सगळ्या भिंतींचे कपाटं हलवून फोटोही काढून ठेवेन. या वेळी काढलेले फोटो मला फार उपयोगी पडले. घर बघायला आलेल्या बाईंनी कपाटामागे वाकून भिंतीवर तळवा टेकवला आणि विचारलं, “इथे काही झालं होतं का?” मी मोबाइल काढला आणि लोणा, चीर, सिलिकॉन, उघडी भिंत असे सगळे फोटो तारखेने दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि मग बाथरूममध्ये जाऊन त्या कोपऱ्यात अंगठ्याने सिलिकॉन दाबून बघितलं.